वहीतल्या नोंदींपासून राष्ट्रीय डेटा-यंत्रणेपर्यंत: जैवविविधतेचा डेटा पहिल्यांदाच देणाऱ्यांसाठी

चतुर आणि टाचण्या या पाण्याकाठी उडणाऱ्या कीटकांच्या सहा वर्षांच्या नोंदी माझ्याकडे होत्या. वह्या नीट होत्या आणि एक्सेलची फाइलही नीट आहे असं मला वाटत होतं. शोधनिबंध छापून झाला होता. आता हा डेटा राष्ट्रीय जैवविविधता डेटा-यंत्रणेत द्यायचा, एक दुपार पुरे, असा हिशेब करून मी बसले. काम संपायला अकरा आठवडे लागले. त्यात फाइल प्रत्यक्ष चढवण्याचं काम अर्ध्या तासाचं होतं. उरलेला सगळा वेळ माझ्या डोक्यात असलेल्या पण फाइलीत नसलेल्या गोष्टी शोधण्यात गेला. त्या दिवशी किती वेळ थांबलो होतो, कोणत्या तळ्यावर काहीच दिसलं नव्हतं, '?' हे चिन्ह मी कुठल्या अर्थाने लिहीत होते, असल्या गोष्टी.

तुम्ही विद्यार्थी असा, संग्रहालयात काम करत असा किंवा वर्षानुवर्षं हौसेने नोंदी ठेवत असा, कामाचा क्रम थोड्याफार फरकाने हाच असतो. माझ्यावर उलटं फिरून यायची जिथे जिथे वेळ आली त्या जागांवर मी जास्त थांबणार आहे.

ही यंत्रणा म्हणजे काय

संग्रहालयं, विद्यापीठं, सर्वेक्षण संस्था आणि नागरिक-वैज्ञानिक यांच्या नोंदी एका ठिकाणी शोधता याव्यात म्हणून अनेक देशांनी अशा यंत्रणा उभ्या केल्या आहेत. 'अ‍ॅटलस ऑफ लिव्हिंग ऑस्ट्रेलिया' २०१०मध्ये सुरू झाला. त्याचं मुक्त सॉफ्टवेअर घेऊन पुढे ब्रिटन, स्वीडन, फ्रान्स, स्पेन अशा देशांनी आपापली संकेतस्थळं उभारली. यातल्या बहुतेक यंत्रणा 'ग्लोबल बायोडायव्हर्सिटी इन्फर्मेशन फॅसिलिटी' म्हणजे जीबिफ या जागतिक जाळ्याला जोडलेल्या असतात. जीबिफची स्थापना २००१ची, सचिवालय कोपनहेगनला. तुम्ही डेटा देशाच्या केंद्राला देता आणि तिथून तो जगाला दिसतो.

सगळ्यांची बोली एकच आहे: 'डार्विन कोअर'. कोणत्या रकान्याला काय म्हणायचं आणि त्यात काय भरायचं याचं हे मानक. २००९मध्ये त्याला अधिकृत मान्यता मिळाली. खाली मी 'ऑकरन्स आयडी', 'इव्हेंट डेट' असे शब्द वापरले आहेत ती या मानकातल्या रकान्यांची नावं. प्रत्यक्ष फाइलीत ती इंग्रजीतच, सलग, मानकात दिली आहेत अगदी तशी लिहायची.

बसण्यापूर्वी हाताशी ठेवा

- मूळ वह्या किंवा त्यांचे स्कॅन. फक्त एक्सेलवर विसंबू नका.
- मूळ फाइलीची एक प्रत, जिला यापुढे हात लावायचा नाही.
- सर्वेक्षणाचे आणि नमुने गोळा करण्याचे परवाने, क्रमांक आणि तारखांसह.
- सहसंशोधकांची लेखी संमती. ईमेल चालतो.
- प्रत्येकाचा ऑर्किड (ORCID) क्रमांक. हा संशोधकाचा सोळा अंकी कायमचा ओळख-क्रमांक, फुकट मिळतो.
- ओपनरिफाइन हे मोफत सॉफ्टवेअर. एकच नाव पाच प्रकारे लिहिलं गेलं असेल तर ते पकडायला याच्यासारखं दुसरं साधन मला सापडलेलं नाही.
- तुमची संस्था 'प्रकाशक' म्हणून नोंदलेली आहे का, याचं उत्तर.

शेवटच्या मुद्द्याची चौकशी पहिल्याच दिवशी करा. या जाळ्यात डेटा साधारणपणे संस्थेच्या नावाने प्रकाशित होतो, व्यक्तीच्या नावाने नाही. संस्था नोंदलेली नसेल तर अर्ज करावा लागतो आणि देशाच्या केंद्राने त्याला दुजोरा द्यावा लागतो. मी हे शेवटासाठी ठेवलं आणि फाइल तयार असूनही तीन आठवडे नुसती बसून राहिले. संस्था नसेल तर केंद्राला थेट विचारा. पुष्कळ केंद्रं एकट्या संशोधकाला एखाद्या नोंदलेल्या संस्थेशी जोडून देतात.

१. तुमचा डेटा कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवा

जीबिफशी जोडलेल्या यंत्रणा चार प्रकारचे संच घेतात. पहिला नुसत्या वर्णनाचा: डेटा अजून कागदावर आहे, पण तो आहे एवढं तरी जगाला कळवायचं. दुसरा प्रजातींच्या यादीचा. तिसरा आढळ-नोंदींचा: ही प्रजाती, या जागी, या दिवशी. चौथा सर्वेक्षण-संच, ज्यात प्रत्येक फेरी ही स्वतंत्र घटना असते आणि नोंदी त्या फेरीला जोडलेल्या असतात.

नवखे लोक डोळे मिटून तिसरा प्रकार निवडतात. मीही तेच केलं होतं. स्वतःला एक प्रश्न विचारा: ठरलेल्या पद्धतीने मी कुठे गेले, काहीच दिसलं नाही, आणि तसं वहीत लिहिलं, असं कधी झालं आहे का? उत्तर 'हो' असेल तर चौथा प्रकार घ्या. आढळ-नोंदींच्या यादीत रिकाम्या फेरीला जागाच नसते. ती फेरी झालीच नव्हती असं होऊन जातं.

२. परवानगी आणि परवाना

डेटा कोणाचा आहे हे आधी स्पष्ट करून घ्या. निधी देणाऱ्या संस्थेच्या अटी, परवान्यातल्या अटी आणि मार्गदर्शकांची संमती तपासा. स्थानिक समुदायाने सांगितलेली माहिती त्यात असेल, म्हणजे वनस्पतींचे उपयोग किंवा पवित्र मानलेल्या जागा, तर तुमच्या सहीने ती खुली करता येत नाही. त्या समुदायाला विचारावं लागतं. मूळनिवासी समुदायांच्या डेटा-हक्कांबद्दलची 'केअर' तत्त्वं २०१९मध्ये मांडली गेली, ती नेमकी याचसाठी. एका रकान्यात सहज म्हणून लिहिलेलं 'तापावर वापरतात' हे वाक्यसुद्धा कुणाचं तरी ज्ञान असतं.

डेटा वापरू देण्याचे क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) परवाने तीन: सीसी-झीरो, सीसी-बाय आणि सीसी-बाय-एनसी. पहिल्यात कोणतीही अट नाही, दुसऱ्यात श्रेय देणं बंधनकारक, तिसऱ्यात श्रेय हवंच आणि व्यापारी वापर नको. 'एनसी' सुरक्षित वाटतो म्हणून घाईने निवडू नका. पर्यावरण-आघाताचा अहवाल लिहिणारी सल्लागार कंपनी व्यापारी म्हणायची की नाही, या शंकेपोटी लोक असा डेटा वगळून टाकतात, आणि तुमची नोंद जिथे उपयोगी पडायला हवी त्याच निर्णयातून ती गळते. मी सीसी-बाय घेतला. फोटोंचा परवाना वेगळा असू शकतो, तो फोटो काढणाऱ्याला विचारून ठरवा.

३. प्रत्येक ओळीला कायमचा क्रमांक द्या

'ऑकरन्स आयडी' म्हणजे नोंदीचा ओळख-क्रमांक. हा एकदा दिला की कधी बदलायचा नाही आणि ती ओळ काढून टाकली तरी दुसऱ्या ओळीला द्यायचा नाही.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे एक्सेलच्या ओळीचा क्रमांक वापरणं. मी १, २, ३ असे क्रमांक दिले होते. नंतर फाइल तारखेनुसार लावली, पुन्हा क्रमांक ओढले, आणि ४१७ क्रमांकाची टाचणी चतुर होऊन बसली. तोवर काहीच प्रकाशित झालं नव्हतं म्हणून निभावलं. झालं असतं तर ज्याने ज्याने जुन्या क्रमांकाचा दाखला दिला असता, त्याला वेगळाच कीटक दिसला असता. संस्थेचं लघुरूप, प्रकल्पाचं नाव, वर्ष आणि धावता क्रमांक अशी जोडणी करा किंवा संगणकाने तयार केलेला यूयूआयडी, म्हणजे दुसरीकडे कुठे न येणारा लांबलचक क्रमांक, वापरा. फेऱ्यांनाही असाच 'इव्हेंट आयडी' द्या.

याच टप्प्यावर 'बेसिस ऑफ रेकॉर्ड' भरून टाका: डोळ्यांनी पाहिलं, नमुना जतन केला, कॅमेरा-सापळ्यासारख्या यंत्राने टिपलं, की जीवाश्म. यासाठी मानकातले ठरलेले शब्दच वापरायचे असतात, स्वतःचे नाहीत.

४. तारखा

तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा: २०१९-०७-०४. ०४/०७/१९ असं लिहिलंत तर वाचणारा अर्धा वेळ ४ जुलै समजेल आणि अर्धा वेळ ७ एप्रिल. इथे लेखात मी देवनागरी अंक वापरते आहे, पण फाइलीत तारखा, अक्षांश, संख्या हे सगळं इंग्रजी अंकांतच हवं. देवनागरी कळफलकावरून भरलेल्या फाइलीत काही रकान्यांत '४' आणि काहींत इंग्रजी चार अशी सरमिसळ होते. आपल्या डोळ्याला ती खटकत नाही, तपासणाऱ्या प्रोग्रामला मात्र तो आकडाच वाटत नाही.

एक्सेलबद्दल सावध राहा. जे तारखेसारखं दिसतं त्याची ते न विचारता तारीख करून टाकतं. हा त्रास इतका सार्वत्रिक आहे की मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२०मध्ये 'मार्च १', 'सेप्ट १' अशा वाचल्या जाणाऱ्या जनुकांची नावंच बदलून टाकली. आपल्याकडे हे भूखंड किंवा चौकटीच्या क्रमांकांबाबत होतं. '३-५' हा चौकटीचा क्रमांक बघता बघता ३ मे होतो. रकाना आधी 'टेक्स्ट' करा, मगच भरा. दुसरा दोष याहून लपलेला आहे. एक्सेलच्या दोन दिनगणना आहेत, एक १९००पासूनची आणि दुसरी १९०४पासूनची, जी जुन्या मॅकवर चाले. एकीतला रकाना दुसरीत चिकटवला की प्रत्येक तारीख १,४६२ दिवसांनी, म्हणजे चार वर्षं आणि एका दिवसाने सरकते. माझ्या फाइलीचा एक तुकडा असाच सरकला होता. वहीशी ताडून पाहिलं म्हणूनच सापडला, कारण सरकलेल्या तारखाही अगदी शक्यतेतल्या दिसतात.

महिनाच माहीत असेल तर फक्त वर्ष-महिना लिहा. वर्षच माहीत असेल तर फक्त वर्ष. रकाना भरलेला दिसावा म्हणून १ जानेवारी घालू नका. मोठ्या माहितीसाठ्यांत १ जानेवारीला नोंदींची भलतीच गर्दी दिसते ती यामुळेच, आणि फुलोऱ्याचा किंवा स्थलांतराचा काळ अभ्यासणाऱ्याला ती गर्दी आधी उपसून टाकावी लागते.

५. नावं

शास्त्रीय नाव पूर्ण लिहा, शक्यतो नाव देणाऱ्यासह. उदाहरणार्थ, पँटाला फ्लॅव्हेसेन्स (फॅब्रिसियस, १७९८). कंस टाळू नका. प्राणिशास्त्रात कंसाचा अर्थ असा, की मूळ वर्णन वेगळ्या वंशात (जीनस) झालं होतं आणि नंतर ते नाव इकडे हलवलं गेलं.

'किंगडम', म्हणजे सृष्टी, हा रकाना प्रत्येक ओळीत भरा. 'मोरस' म्हणजे तुतीचा वंश, आणि गॅनेट या समुद्रपक्ष्यांचाही वंश. प्राणी आणि वनस्पती यांच्या नामकरणाच्या नियमावल्या वेगळ्या असल्यामुळे एकच नाव दोन्हीकडे चालतं. सृष्टी लिहिली नाही तर नकाशावर तुमच्या तुतीला पंख फुटू शकतात.

ओळख पक्की नसेल तर ते लपवू नका. 'सीएफ.', 'अ‍ॅफ.' यांसारखे (म्हणजे 'हिच्यासारखी', 'हिच्या जवळची') शेरे नावातच न घुसवता 'आयडेंटिफिकेशन क्वालिफायर' या रकान्यात ठेवा. वंशापर्यंतच ओळखता आलं असेल तर वंशाचंच नाव द्या. तेवढी नोंदही मोलाची असते, अंदाजाने लिहिलेली प्रजाती मात्र नुकसान करते. ओळख कोणी केली आणि कधी केली हेही लिहा. नावं पुढे बदलतात, प्रजाती फुटतात, आणि 'ही ओळख फुटण्याआधीची की नंतरची' हे पुढच्या माणसाला त्या तारखेवरूनच कळतं.

वहीत जुनं नाव असेल तर ते गुपचूप बदलू नका. यंत्रणा स्वतःच्या नामावलीशी जुळवणी करते आणि समानार्थी नावं ओळखते. तुम्ही मूळ शब्द ठेवा, हवं तर सध्याचं नाव शेजारी द्या. स्थानिक नावांसाठी वेगळा रकाना आहे, तिथे देवनागरी खुशाल वापरा. फक्त फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात जतन झाली आहे ना ते पाहा, नाहीतर सगळी मराठी नावं प्रश्नचिन्हांची रांग होऊन बाहेर पडतात.

६. जागा

अक्षांश-रेखांश दशांश अंशांत लिहा. दक्षिणेला आणि पश्चिमेला उणे चिन्ह. यातल्या नेहमीच्या चुका अशा:

अंश-मिनिटांचं रूपांतर. १५ अंश ३० मिनिटं म्हणजे १५.५, १५.३० नव्हे. ही चूक अक्षांशात झाली तर नोंद सुमारे २२ किलोमीटर सरकते. माझ्या पहिल्या दोन वर्षांच्या वह्या मिनिटांतल्या होत्या.

अक्षांश-रेखांशाची अदलाबदल. अक्षांश ९०च्या पुढे जात नाही, त्यामुळे काही वेळा चूक लगेच पकडली जाते, पण दोन्ही आकडे ९०च्या आत असले तर पकडणारं कोणी नाही.

रिकाम्या जागी शून्य. अक्षांश शून्य, रेखांश शून्य हा बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात पाण्यात आहे. जगभरच्या निष्काळजी फाइलींतले प्राणी तिथे पोहत असतात.

चार-पाच दशांश स्थळं पुरतात. विषुववृत्तावर चौथं स्थळ म्हणजे सुमारे ११ मीटर, पाचवं सुमारे १ मीटर. फोन आठ स्थळं दाखवतो, म्हणून तुम्ही मिलिमीटरपर्यंत नेमके होत नाही.

आणि आता तो रकाना, ज्यासाठी मी तुमच्याकडे हट्ट धरणार आहे: 'कोऑर्डिनेट अनसर्टन्टी इन मीटर्स'. दिलेल्या बिंदूभोवती किती मीटरच्या वर्तुळात खरी जागा नक्की येते, ते सांगणारा आकडा. तो सक्तीचा नाही, म्हणून बहुतेक लोक सोडून देतात. तो नसेल तर तुमची तळ्याकाठची नेमकी नोंद आणि 'अमुक तालुका' एवढ्यावरून कुणीतरी नकाशाच्या मध्यावर टोचलेली नोंद या दोन्ही वाचणाऱ्याला सारख्याच दिसतात. साध्या जीपीएससाठी साधारण ३० मीटर धरतात. मे २०००पूर्वी अमेरिकी सरकार नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे त्या काळच्या नोंदींना १०० मीटर. जुन्या नोंदीत नुसतं गावाचं नाव असेल तर गावाचा मध्य घ्या आणि तिथून गावाच्या सर्वांत दूरच्या टोकापर्यंतचं अंतर लिहा. अंदाज करताच येत नसेल तर रकाना रिकामा सोडा. शून्य लिहू नका, मानकात शून्य ग्राह्यच नाही. सोबत 'जिओडेटिक डेटम', म्हणजे अक्षांश-रेखांश कोणत्या मापन-चौकटीत मोजले ते, भरा. बहुधा जीपीएसची डब्ल्यूजीएस-८४. जुन्या नकाशावरून बिंदू काढले असतील तर त्या नकाशाचा डेटम वेगळा असेल, आणि त्या फरकाने बिंदू शेकडो मीटर सरकू शकतो.

७. शून्य आणि श्रम

माझ्या अकरा आठवड्यांपैकी चार इथे गेले आणि ते वाया गेले असं मला वाटत नाही.

फेरी ही घटना आहे असं मानलं की प्रत्येक फेरीची एक ओळ होते: कुठे, कधी, कोणत्या पद्धतीने, किती अंतर, किती वेळ, किती माणसं. 'सॅम्पलिंग प्रोटोकॉल', 'सॅम्पल साइझ व्हॅल्यू' आणि त्याचं एकक, 'सॅम्पलिंग एफर्ट' हे त्यासाठीचे रकाने. '५०० मीटर काठाने चालत, ४५ मिनिटं, दोन निरीक्षक' एवढं वाक्य लिहिलं की तुमचे १२ चतुर आणि दुसऱ्या कुणाचे १२ चतुर यांची तुलना करता येते. नाहीतर बारा हा नुसता आकडा.

रिकाम्या फेऱ्यांची ओळ घटनांच्या फाइलीत राहते, तिला जोडलेली नोंद मात्र एकही नसते. त्या फेरीत विशिष्ट प्रजाती शोधत होतात आणि ती नव्हती असं ठामपणे सांगायचं असेल तर 'ऑकरन्स स्टेटस' मध्ये 'अ‍ॅब्सेंट' लिहून तशी ओळ द्या. इथे प्रामाणिकपणा लागतो. 'दिसली नाही' आणि 'लक्षच दिलं नाही' यांत फरक आहे. मी पहिल्या वर्षी फक्त चतुर टिपत होते, टाचण्या ओळखताच येत नव्हत्या. त्या वर्षीच्या फेऱ्यांत टाचण्यांचं शून्य लिहिलं असतं तर पुढच्या वर्षी टाचण्या अचानक अवतरल्या असा निष्कर्ष कुणीतरी काढला असता. म्हणून प्रत्येक फेरीत कोणत्या गटावर लक्ष होतं तेही लिहा. सर्वेक्षणांसाठी आता 'हम्बोल्ट एक्स्टेन्शन' ही जोड उपलब्ध आहे, तिच्यात नेमके हेच रकाने आहेत. तुमच्या केंद्राला ती चालते का विचारा.

वहीतल्या '?', 'क्वचित', 'खूप' या शब्दांचं काय करायचं? मी त्यांना आकडे दिले नाहीत. 'खूप' म्हणजे ५० असं आज बसून ठरवणं म्हणजे सहा वर्षांपूर्वीच्या सकाळी न मोजलेलं आज मोजल्यासारखं दाखवणं. मूळ शब्द शेऱ्याच्या रकान्यात तसाच ठेवा.

८. जी जागा सांगायची नाही ती

१९९९मध्ये गोनियुरोसॉरस लुई या पालीचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. पाळीव प्राण्यांच्या बाजारात मागणी इतकी वाढली की वर्णन जिथून झालं त्या जागेवरून ती पालच नाहीशी झाली. त्यानंतर त्या गटातल्या नव्या प्रजातींची नेमकी ठिकाणं छापायचं संशोधकांनी थांबवलं.

तुमच्या यादीत ऑर्किड, कासवं, शिकारी पक्ष्यांची घरटी, वटवाघळांच्या गुहा असं काही असेल तर देशाच्या यंत्रणेकडे संवेदनशील प्रजातींची यादी आहे का ते पाहा. नसेल तर स्वतः विचार करा: या प्रजातीला माणसापासून धोका आहे का, आणि नेमकी जागा कळल्याने तो वाढेल का? दोन्हीला 'हो' आलं तरच जागा धूसर करा. सगळंच लपवणं सोपं असतं, पण संरक्षणाचा आराखडा करणाऱ्यालाही मग काही दिसत नाही.

धूसर करणं म्हणजे आकडा ठरावीक जाळीवर आणणं: दशांशाचं एकच स्थळ ठेवलं तर साधारण ११ किलोमीटरची जाळी, दोन ठेवली तर सुमारे १.१ किलोमीटरची. बिंदू मनाने इकडेतिकडे हलवू नका, त्याने खोटी जागा तयार होते. अनिश्चितता त्याच प्रमाणात वाढवा, आणि 'डेटा जनरलायझेशन्स' या रकान्यात काय केलं ते लिहा. मूळ आकडे स्वतःपाशी सुरक्षित ठेवा.

आता फटी पाहा. आकडे धूसर केले, पण 'लोकॅलिटी' मध्ये 'मंदिरामागचा तिसरा ओढा' तसंच राहिलं. फोटोच्या आत कॅमेऱ्याने लिहिलेली जीपीएस जागा तशीच राहिली. आणि सर्वांत चकवणारी फट: त्याच फेरीतल्या बाकीच्या साध्या प्रजाती नेमक्या बिंदूवर आहेत आणि इव्हेंट आयडी एकच आहे. मग धूसर केलेली ओळ कुणीही दोन मिनिटांत उलगडतो. माझ्या फाइलीत हे राहून गेलं होतं, तपासणाऱ्या सहकाऱ्याने दाखवलं. अशा वेळी ती सबंध फेरीच धूसर करावी लागते.

९. वर्णन लिहा

यालाच मेटाडेटा म्हणतात. शीर्षक असं द्या की एकट्यानेच अर्थ सांगेल: कोणता गट, कुठला प्रदेश, कोणती वर्षं, कोणती पद्धत. 'अंतिम डेटा' हे शीर्षक नव्हे. पद्धत परिच्छेदांत लिहा, आणि तुम्हाला ठाऊक असलेल्या उणिवाही लिहा. पहिल्या वर्षी टाचण्या मोजल्या नाहीत हे माझ्या वर्णनात स्पष्ट आहे. संपर्कासाठी विद्यार्थ्याचा तात्पुरता ईमेल देऊ नका, दोन वर्षांत तो बंद होतो. विभागाचा किंवा संग्रहाचा पत्ता द्या.

वर्णन मन लावून लिहिलंत तर त्यातून डेटा-निबंध तयार होतो. तसे निबंध छापणारी, समीक्षण करून घेणारी नियतकालिकं आहेत. 'बायोडायव्हर्सिटी डेटा जर्नल' २०१३पासून निघतं.

१०. फाइल चढवा

बहुतेक ठिकाणी 'आयपीटी' नावाचं जीबिफचं मोफत साधन असतं. देशाचं केंद्र किंवा तुमची संस्था ते चालवते, तुम्हाला फक्त खातं लागतं. त्यात फाइल द्यायची, आपले रकाने डार्विन कोअरच्या रकान्यांना जोडायचे, वर्णन भरायचं. रकान्यांची नावं आधीच मानकाप्रमाणे असतील तर जोडणी आपोआप होते. शेवटी ते सगळं एका झिप फाइलीत बांधून देतं: डेटा, त्याच्या जोड-फाइली, वर्णन आणि कोणता रकाना काय हे सांगणारा आराखडा.

चढवण्याआधी फाइल जीबिफच्या मोफत तपासणी-साधनातून काढा. रकान्यांमध्ये स्वल्पविरामाऐवजी टॅब वापरा, कारण शेऱ्यांमध्ये स्वल्पविराम असतातच. एखाद्या चौकोनात कुणी एन्टर दाबून दोन ओळी लिहिल्या असतील तर त्या शोधून काढा, त्याने नोंद मधोमध तुटते. फोटो जोडत असाल तर दुवा कायम टिकणाऱ्या जागेचा हवा, स्वतःच्या ड्राइव्हची शेअर-लिंक नको.

आयपीटीत 'प्रकाशित करणं' आणि 'नोंदणी करणं' ही दोन वेगळी कामं आहेत. प्रकाशित केलं म्हणजे आवृत्ती तयार झाली. संच सार्वजनिक करून नोंदणी केली की तो जागतिक जाळ्यात जातो. मी पहिलं केलं आणि नकाशावर काही दिसत नाही म्हणून चार दिवस काळजी करत बसले. चाचणीसाठी वेगळं आयपीटी असेल तर आधी तिथे सराव करा.

एक पुनरावृत्ती टाळा. तुमच्या याच नोंदी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावरही टाकल्या असतील तर तिथल्या 'रिसर्च ग्रेड' (इतरांनी ओळखीला दुजोरा दिलेल्या) नोंदी, परवाना अनुकूल असेल तर, आपोआप जीबिफमध्ये जातात. तोच चतुर दोनदा मोजला जाईल. निदान दोन्ही नोंदींचा संबंध जोडून द्या आणि वर्णनात तसं लिहा.

११. प्रकाशित झाल्यावर

संचाला डीओआय, म्हणजे दाखला देण्यासाठीचा कायमचा क्रमांक, मिळतो. तो शोधनिबंधात, अहवालात, बायोडेटात वापरा. जीबिफवरून कुणी डेटा उतरवून घेतला की त्या उतरवणीलाही वेगळा डीओआय मिळतो, आणि तो उद्धृत झाला की तुमच्या संचाच्या पानावर तो वापर दिसू लागतो.

पहिल्या आठवड्यात नकाशा उघडून स्वतः पाहा. समुद्रातला चतुर, भलत्या देशातला बिंदू, जुळवणीत चुकलेलं नाव हे यंत्रणेच्या सूचना-खुणांवरून लगेच सापडतं. दुरुस्ती मूळ फाइलीत करा, क्रमांक तेच ठेवा, पुन्हा प्रकाशित करा. आवृत्ती वाढते, संचाचा डीओआय तोच राहतो.

मग कधीतरी एखाद्या अनोळखी माणसाचा निरोप येईल की तुमची अमुक नोंद चुकीची वाटते. उत्तर द्या. वही काढा, फोटो पाहा, नमुना असेल तर भिंगाखाली धरा. ओळख बदलली तर जुनी ओळख 'प्रीव्हियस आयडेंटिफिकेशन्स' मध्ये ठेवा आणि नव्या ओळखीची तारीख लिहा. मला असा पहिला निरोप सात महिन्यांनी आला, टाचण्यांच्या तीन माद्यांबद्दल. फोटोंत पोटाच्या टोकाचे भाग स्पष्ट नव्हते. आता त्या तीन ओळी वंशापर्यंतच आहेत.